क्रूझच्या आधी उतरायचं कुठे? (आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

नंदूकाका: सुप्रभात मंडळी 🙏 बोटीचं बुकिंग झालं, आता घोडं विमानाच्या तिकिटांवर अडलंय. एजंटचं म्हणणं, मुंबई-दुबई-मायामी घ्या. रविवारी दुपारच्या आत उतराल, तसेच बोटीवर चढाल, एका रात्रीचं हॉटेल वाचेल. हा दर आज रात्रीपर्यंतच आहे म्हणे. हो सांगू का?

मेघना (एडिसन, न्यू जर्सी): काका, प्लीज थांबा. त्याच दिवशी उतरून बोट पकडायची, हे एजंटला अजिबात कबूल करू नका. ऑफिसची एक मीटिंग संपवून सविस्तर लिहिते.

सुमाआत्या: नंदू, मेघनाचं ऐक. पूर्वाच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा इमिग्रेशनच्या रांगेत अडीच तास उभी होते मी. एकाच वेळी चार-पाच मोठी विमानं उतरलेली, बसायला खुर्ची नाही, बाटलीतलं पाणी संपलेलं. पुढचं विमान डोळ्यांदेखत गेलं. तेव्हा निदान दुसऱ्या विमानाची सोय झाली. बोट कोण थांबवणार आपल्यासाठी?

आई: माझे गुडघे अर्धा तासही उभं राहू देत नाहीत गं.

नंदूकाका: वहिनी, व्हीलचेअर सांगूच. पण मायामी एवढा मोठा विमानतळ, तिथे खिडक्याही भरपूर असतील ना?

अमेय: काका, खिडक्या भरपूर, पण माणसंही तेवढीच. दक्षिण अमेरिकेतून आणि कॅरिबियनमधून येणाऱ्या विमानांचं मायामी हे मुख्य दार आहे. रात्रभर उडून येणारी ती विमानं पहाटे-सकाळी एकामागोमाग उतरतात. अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन खात्याच्या साइटवर विमानतळ, टर्मिनल आणि तारीख टाकली की त्या दिवशी तासातासाला किती वेळ लागला ते दिसतं. अमेरिकन नागरिकांचा आणि परदेशी नागरिकांचा आकडा वेगवेगळा असतो. सरासरीही असते आणि सर्वात जास्त किती लागला तेही. आपण परदेशी नागरिकांचा रकाना बघायचा, आणि त्यातही सर्वात जास्तवाला. सरासरीवर बोट पकडता येत नाही.

मेघना (एडिसन): आले. आता नीट सांगते, आई-बाबा तुम्हीही वाचा.

पहिली गोष्ट, आपली बोट मायामीहून नाहीच. ती फ्लोरिडातल्याच फोर्ट लॉडरडेल शहराच्या पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरातून आहे. मायामी विमानतळापासून ते बंदर चाळीसेक किलोमीटर आहे, आणि मधला हायवे कायम भरलेला. फोर्ट लॉडरडेलचा स्वतःचा विमानतळ मात्र बंदराला अगदी खेटून आहे, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अमेरिकेत शेवटी कुठे जायचंय याच्याशी त्या रांगेचा संबंध नाही. विमान अमेरिकेत पहिल्यांदा जिथे टेकतं तिथेच सगळं होतं. इमिग्रेशन तिथे, बॅगा पट्ट्यावरून तिथेच उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर काढायच्या, पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या आणि सिक्युरिटी पुन्हा करायची. बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी हेच. म्हणून फोर्ट लॉडरडेलचं तिकीट काढलं म्हणजे रांग टळली असं नाही. न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कमार्गे गेलात तर ती न्यूअर्कला लागेल.

बाबा: म्हणजे रांग टळायची नाहीच. कुठे लावायची एवढंच ठरवायचं?

अमेय: बाबा, एक मार्ग आहे. अबुधाबी.

बाबा: अबुधाबीचा काय संबंध?

अमेय: अबुधाबी विमानतळावर २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी बसतात. याला प्रीक्लिअरन्स म्हणतात. तिथून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात बसण्याआधीच इमिग्रेशन, कस्टम्स, सगळं उरकतं. मग न्यूयॉर्कला उतरलो की आपण मुंबईहून नागपूरला उतरल्यासारखे, सरळ बाहेर. अशी सोय डब्लिन, शॅनन आणि कॅनडातल्या मोठ्या विमानतळांवरही आहे. पण कॅनडातून जायचं तर आपल्या पासपोर्टवर त्यांचा वेगळा व्हिसा लागतो, तो विषय सोडा. दुबई, दोहा, लंडन, फ्रँकफर्ट, यांपैकी कुठेही ही सोय नाही.

शुभाकाकू: मग तिथे रांग नसते का?

अमेय: असते काकू, अमेरिकेची दोन-तीन विमानं जवळजवळच्या वेळेला असली की वाढतेही. पण त्या रांगेत फक्त अमेरिकेला जाणारीच माणसं असतात, आणि तिथला वेळ आपल्या दोन विमानांच्या मधला असतो, बोटीच्या वेळेतून जात नाही. म्हणून अबुधाबीत किमान तीन तास हवेत. एजंट दीड तासाचं कनेक्शन दाखवेल, कायदेशीर आहे म्हणेल, ते घ्यायचं नाही. आणि पोचल्यावर दुकानं बघत फिरायचं नाही, थेट तिकडे जायचं, कारण तो भाग विमान सुटायच्या बराच आधी बंद होतो.

मेघना (एडिसन): माझी मैत्रीण याच मार्गाने तिच्या सासूबाईंना घेऊन आली. तिथे आधी पुन्हा सिक्युरिटी होते. त्यामुळे पाण्याच्या बाटल्या आधीच रिकाम्या करायच्या. मग अधिकाऱ्याच्या खिडकीपाशी त्याच्या पडद्यावर तुमच्या चेक-इन केलेल्या बॅगेचा फोटो येतो, "ही तुमचीच ना?" म्हणून विचारतात. बॅग मुंबईच्या विमानातून निघून तिथवर पोचली नसेल तर थोडं थांबवतात. सासूबाई घाबरल्या, त्यांना वाटलं काहीतरी सापडलं. आई, घाबरायचं नाही, सगळ्यांनाच दाखवतात.

बाबा: त्यांनी तिथे नाही म्हटलं तर?

मेघना (एडिसन): तर तिथूनच परत, बाबा. अधिकार तेच आहेत. पण सातासमुद्रापार जाऊन परत येण्यापेक्षा ते बरं. तुम्हाला काळजीचं कारण नाही. बोटीचं बुकिंग, परतीचं तिकीट, हॉटेल आणि माझ्या घरचा पत्ता, हे छापून एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हाताशी ठेवा. मोबाइलवर नको, ऐनवेळी चार्जिंग संपतं.

नंदूकाका: आमच्या ऑफिसातला एक जण ग्लोबल एंट्री का काहीतरी करून घेतो, त्याला रांगच लागत नाही. ते काढूया का?

अमेय: भारतीय नागरिकांना मिळतं काका. १२० डॉलर फी, पाच वर्षं चालतं. पण त्यासाठी इकडची पडताळणी, मग मुलाखत, यात बराच काळ जातो. जानेवारीच्या आत होणार नाही. आणि रांगेतला वेळ वाचवणारं ते मोबाइल पासपोर्ट कंट्रोलचं फुकट ॲप मेघनाताईला ग्रीन कार्डवर चालतं, टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आपल्यासारख्यांना नाही.

शुभाकाकू: मी लोणचं, मेतकूट, भाजणी आणि कढीपत्ता आणणार आहे मेघनाकडे. चालेल ना?

मेघना (एडिसन): काकू 😍 लोणचं, मेतकूट, भाजणी आणा, पण विचारलं की "खाण्याचे पदार्थ आहेत" असं सांगायचं. न सांगता सापडलं तर पहिल्याच वेळी १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सांगून ठेवलं आणि एखादी वस्तू चालत नसली तर ती फक्त काढून घेतात, दंड नाही. ताजी फळं आणि कढीपत्ता मात्र अजिबात नको. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे आणि त्यावर एक बारीक कीड राहते, तिच्यातून संत्र्याच्या झाडांचा रोग पसरतो. फ्लोरिडात तो २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या बागाच्या बागा गेल्या. त्यामुळे कढीपत्त्याच्या एका जुडीसाठीही ते अडवतात, आणि मला ते पटतं. आपल्या नागपूरकरांना विचारा संत्र्याची बाग जाणं म्हणजे काय ते.

शुभाकाकू: बरं बाई, नाही आणत. मिळतो का तिकडे?

मेघना (एडिसन): एडिसनमध्ये सगळं मिळतं काकू. ओक ट्री रोडवर या तर एकदा.

नंदूकाका: आता मार्गाचं बोला. अबुधाबीहून फ्लोरिडाला थेट विमान नाही असं एजंट म्हणतो.

अमेय: बरोबर. न्यूयॉर्कला, जेएफके विमानतळावर उतरायचं आणि तिथून देशांतर्गत विमानाने फोर्ट लॉडरडेल. पण त्याच दिवशी पुढचं विमान पकडायचं तर टर्मिनल बदलावं लागू शकतं, परत सिक्युरिटी, आणि चौदा तास बसून आल्यावर आईला ते झेपायचं नाही.

मेघना (एडिसन): त्याच दिवशी कशाला? माझ्याकडे या ना! बुधवारी जेएफकेला उतरा, आम्ही दोघं दोन गाड्या घेऊन येतो. दीडेक तासात घर. दोन रात्री राहा, झोप पुरी करा, मग न्यूअर्कहून सगळे मिळून जाऊ. न्यूअर्क माझ्या घराजवळ आहे आणि तिथून फोर्ट लॉडरडेल तीन तास. देशांतर्गत असल्याने उतरल्यावर काहीच नाही, बॅग घ्या आणि चला. उतरताना खिडकीतून बंदरातल्या बोटीसुद्धा दिसतात.

आई: हे मला आवडलं. नातवंडांबरोबर दोन दिवस मिळतील.

नंदूकाका: मग शनिवारी रात्रीचं विमान घेऊ. रविवारी सकाळी आरामात बंदरावर.

मेघना (एडिसन): काका, जानेवारी आहे. इकडे एक हिमवादळ आलं की न्यूअर्कची विमानं दिवसभर रद्द होतात आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच जागा मिळत नाही. शनिवारी रात्रीचं रद्द झालं तर रविवारी सकाळच्या विमानात आठ जागा एकत्र कुठून आणायच्या? शुक्रवारी सकाळचं घेऊ. गडबड झालीच तर अख्खा शनिवार हाताशी राहतो.

नंदूकाका: म्हणजे हॉटेलच्या दोन रात्री वाढल्या. चार खोल्या. खर्चाचा आकडा बघितलास का?

सुमाआत्या: नंदू, बोटीचे पैसे किती भरलेत ते आठव. दादा-वहिनींच्या लग्नाला पन्नास वर्षं एकदाच होणार आहेत.

अमेय: काका, बोट चारला सुटते म्हणून चारला पोचायचं नसतं. चेक-इन तासभर, काही ठिकाणी दीड तास आधी बंद होतं, कारण प्रवाशांची यादी आधी सरकारला द्यावी लागते. चुकली तर पैसे परत नाहीत, आणि पुढचं बंदर गाठायचं विमान आपल्या खिशातून. शुक्रवारच्या रात्रीचे पैसे मी भरतो.

नंदूकाका: तू कशाला भरतोस रे. वाटून घेऊ. ठीक आहे, पटलं. न्यूअर्कचं तिकीट वेगळं काढलं तर चालेल ना?

मेघना (एडिसन): मध्ये दोन दिवस आहेत म्हणून चालेल. पण मुंबई-अबुधाबी-न्यूयॉर्क एकाच तिकिटावर हवं. वेगवेगळ्या तिकिटांवर पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात वर करते. आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवायला सांगा. मुंबई, अबुधाबी, न्यूयॉर्क, तिन्ही ठिकाणी. आयत्या वेळी मागितली की ताटकळावं लागतं.

बाबा: मला लागणार नाही.

आई: त्यांचीही नोंदवा. मुंबईतच गेट इतकं लांब असतं.

अमेय: नोंदवतो. परतीचंही आत्ताच ठरवू. बोट रविवारी पहाटे बंदराला लागेल, पण बॅगा आणि पुन्हा इमिग्रेशन करून बाहेर पडायला वेळ जातो. फोर्ट लॉडरडेलहून दुपारी बाराच्या आधीचं विमान नको.

सुमाआत्या: बोटीवरून परत येताना पुन्हा व्हिसा बघतात का?

मेघना (एडिसन): हो आत्या. बोट बाहेरच्या देशांच्या बंदरांना लागते, म्हणजे आपण अमेरिकेतून बाहेर जाऊन परत आत येतो. म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवाच. व्हिसाच्या चिकटपट्टीवर 'एन्ट्रीज' समोर एम हे इंग्रजी अक्षर असतं, ते प्रत्येकाने आज बघून इथे सांगा.

शुभाकाकू: आमच्या दोघांचं एम आहे ✅

सुमाआत्या: माझंही.

बाबा: माझा व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे. तो तर कोपरा कापून रद्द केलेला आहे.

अमेय: बाबा, पासपोर्ट रद्द झाला तरी त्यातला व्हिसा चालतो, तारीख असेपर्यंत. फक्त जुना आणि नवा, दोन्ही बरोबर घ्यायचे. अबुधाबीत दोन्ही दाखवायचे आणि परत येताना बंदरावरही. बोटीवर चढताना जुना पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग खोलीत संध्याकाळपर्यंत येते.

नंदूकाका: एजंटशी बोललो. अबुधाबीमार्गे दर थोडा जास्त आहे, बुधवारी जेएफकेला उतरणारं मिळतंय. मध्ये तीन तास वीस मिनिटं. व्हीलचेअर दोन सांगितल्या. दुबई-मायामी सोडलं.

मेघना (एडिसन): 🙌 काका, पैसे भरायच्या आधी त्याला नावांची स्पेलिंग पासपोर्टवरून वाचून दाखवायला सांगा. मी न्यूअर्क-फोर्ट लॉडरडेल शुक्रवार सकाळची आठ तिकिटं आज रात्री बघते. आणि बंदराजवळचं, आईला आंघोळीला बसायला स्टूल मिळेल असं हॉटेल शोधते.

नंदूकाका: अमेय, दादाच्या जुन्या पासपोर्टचं व्हिसाचं पान मला वेगळं पाठव, ग्रुपवर नको. एजंट पाच वाजता येतोय.