मदत हवी आहे: केगमधून नुसता फेस येतोय, कार्बोनेशनचा दाब नक्की किती ठेवावा?

डेन्वरकर

नमस्कार मंडळी,

घरी केलेल्या बिअरसाठी केगरेटर (केग म्हणजे बिअरचा दाबाखालचा डबा थंड ठेवणारा, तोटी लावलेला फ्रिज) लावला आहे, पण ग्लासात तीन भाग फेस आणि एक भाग बिअर येते. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

मांडणी अशी: ठिकाण डेन्वर, कोलोराडो. लहान फ्रिज, त्यावर एका तोटीचा टॉवर. ५ गॅलनचा (सुमारे १९ लिटर) बॉल लॉक कॉर्नी केग (दाबून बसणाऱ्या जोडण्यांचा स्टीलचा उभा डबा), ५ पौंडांचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, दाब कमी करून देणारा दोन गेजचा रेग्युलेटर (मोठा गेज सिलिंडरचा दाब दाखवतो, छोटा केगचा). बिअरची नळी किटमधलीच, साधी व्हिनाइलची, आतला व्यास ३/१६ इंच, लांबी ५ फूट. केगमध्ये पेल एल (फिकट रंगाची, हॉप्सच्या फुलांचा वास असलेली बिअर) आहे. ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, ती स्थिरावली की आंबणं संपलं) १.०१२ वर तीन दिवस स्थिर राहिल्यावरच भरली. फ्रिजमध्ये पाण्याच्या ग्लासात ठेवलेला थर्मामीटर ३८ फॅरनहाइट (३.३ सेल्सियस) दाखवतो. कार्बोनेशनचा (बिअरमध्ये वायू मुरवण्याचा) तक्ता पाहून दोन आठवडे १२ पीएसआयवर (चौरस इंचाला पौंड, दाबाचं एकक) ठेवली होती.

फेस फारच येतो म्हणून दाब ५ वर आणला. ग्लास जरा सावकाश भरतो, पण आता बिअर मिळमिळीत लागते आणि पहिला ग्लास तरीही फेसाचाच.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दाब किती ठेवू? सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवल्यावर मोठ्या गेजचा काटा ८५० वरून साडेपाचशेच्या खाली आला, ही गळती समजायची का? आणि पुढचा केग हेफेवायझेनचा (जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा) आहे. ती ३० पीएसआयवर हलवून एका दिवसात तयार करता येईल का, आणि दोन्ही केग एकाच रेग्युलेटरवर चालतील का?

---

बार्लीबुवा

डेन्वरकर, दाब कमी करून फेस जात नाही. दाब उतरला की बिअरमध्ये मुरलेला वायू बाहेर निघू लागतो, नळीत बुडबुड्यांचे टप्पे साचतात, आणि तोटी उघडली की आधी तेच बाहेर येतात. म्हणून तुम्हाला फेस आणि मिळमिळीतपणा दोन्ही एकदम मिळाले.

बिअरमध्ये वायू किती हवा यावरून दाब ठरवायचा, आणि ओतण्याचा वेग नळीच्या लांबीने ठरवायचा. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की गोंधळ सुरू होतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे जो किटच्या माहितीपत्रकात सहसा नसतो: उंची. कार्बोनेशनचे तक्ते समुद्रसपाटीसाठी असतात. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतो, पण वायू मुरतो तो एकूण दाबाच्या हिशेबाने. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो, डेन्वरला ५,२८० फुटांवर तो १२.२ च्या आसपास भरतो. हा अडीच पीएसआयचा तुटवडा गेजवर भरून काढावा लागतो. सोपा हिशेब: दर २,००० फुटांमागे १ पीएसआय जास्त.

पेल एलला २.५ व्हॉल्यूम छान, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू. ३८ फॅरनहाइटला तक्ता ११ सांगतो, तुमच्या गेजवर १३.५ ते १४ हवेत. तुमच्या १२ वर बिअर २.३५ च्या आसपास पोचली असणार. ५ वर तशीच राहू दिलीत तर हळूहळू १.७ पर्यंत उतरेल. इंग्लिश कास्क एलला ते शोभतं, अमेरिकन पेल एलला नाही.

आता नळी. ३/१६ व्हिनाइलला फुटामागे २ ते ३ पीएसआय अडथळा मिळतो असं छापलेलं असतं, आणि त्या हिशेबाने ५ फूट पुरायला हवी. पण तो आकडा बारमधल्या जोरदार प्रवाहाचा. घरी आपण निम्म्या वेगाने ओततो, तिथे व्यवहारात १ पीएसआयला जवळपास १ फूट नळी लागते. १४ फूट आणा. ग्लास फारच रेंगाळत भरला तर अर्धा-अर्धा फूट कमी करत या. कापता येते, जोडता येत नाही. लांब नळीने फक्त वेग कमी होतो, त्याने कुणाचं बिघडत नाही.

नवी नळी घेणारच असाल तर ४ मिलीमीटर आतल्या व्यासाची ईव्हीए बॅरियर नळी बघा. ती अरुंद असल्यामुळे ७ फुटांत काम होतं, प्लॅस्टिकचा वास लागत नाही आणि बाहेरचा ऑक्सिजन आत झिरपत नाही. तिला दाबून बसणारे फिटिंग लागतात, क्लॅम्पवाले चालणार नाहीत.

---

हॉप्सवेल

बार्लीबुवांशी सहमत. पहिल्या ग्लासाबद्दल भर घालतो.

पहिला ग्लास फेसाचा आणि लगेच भरलेला दुसरा बरा, असं असेल तर टॉवर गरम आहे. टॉवरमध्ये उभी राहिलेली बिअर खोलीच्या तापमानाला येते आणि तिच्यातला वायू तिथेच सुटतो. थंड हवा तळाशी बसते, त्यामुळे खाली ३८ आणि टॉवरमध्ये ६० असा प्रकार सहज होतो. उपाय स्वस्त आहे: कॉम्प्युटरचा ८० मिलीमीटरचा १२ व्होल्टचा पंखा एका छोट्या डबीवर बसवा, डबीतून इंचभर जाडीची लवचीक नळी काढून ती टॉवरच्या आत अगदी वरपर्यंत न्या. पंखा तळाची थंड हवा वर ढकलतो, ती टॉवरमधून उतरून परत फ्रिजमध्ये येते. नळी टॉवरच्या निम्म्यावर सोडली तर तोटीचा मागचा दांडा गरमच राहतो आणि फेस तसाच येतो.

तापमान हवेचं किंवा पाण्याच्या ग्लासाचं मोजून थांबू नका. लागोपाठ दोन ग्लास काढा आणि दुसऱ्या ग्लासातल्या बिअरचं तापमान घ्या. तक्त्यात तो आकडा धरायचा.

ओतताना तोटी एका झटक्यात पूर्ण उघडायची. अर्धवट उघडलेल्या तोटीत बिअर घुसळून निघते. फेस बघून तोटी हळूच उघडण्याचा मोह होतो आणि तिथेच फेस दुप्पट होतो.

---

केगपुराण

सिलिंडरचा काटा उतरला म्हणजे गळती, असं नाही. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्याच्या वरचा दाब फक्त तापमानावर ठरतो. ७० फॅरनहाइटला ८५० च्या आसपास, ३८ ला ५४० च्या आसपास. तुमचा काटा बरोबर बोलतोय. शेवटचा द्रव संपेपर्यंत तो तिथेच राहील आणि मग झपाट्याने शून्याकडे जाईल, म्हणून त्यावरून किती गॅस उरला ते कळत नाही. रेग्युलेटर काढून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि गळ्यावर ‘टी डब्ल्यू’ अक्षरांपुढे कोरलेलं रिकामं वजन त्यातून वजा करा.

हिशेबासाठी: १९ लिटर बिअर २.५ व्हॉल्यूमला न्यायला साधारण ६० ग्रॅम वायू लागतो (फर्मेंटेशनचा थोडा आधीच असतो), आणि तेवढी बिअर बाहेर ढकलायला साधारण ६५ ते ७०. केगमधली हवा काढण्यात जातो तो वेगळा. ५ पौंड म्हणजे २,२७० ग्रॅम, म्हणजे निदान डझनभर केग निघायला हवेत. दोन-तीन केगमध्ये सिलिंडर रिकामा झाला तर मात्र गळती शोधाच.

शोधताना ३० पीएसआय दाब द्या आणि साबणाचं पाणी फवारा: झाकणाची कड, दाबमुक्तीचा व्हॉल्व्ह, दोन्ही पोस्ट (केगच्या वरची वायूची आणि बिअरची तोंडं), प्रत्येक क्लॅम्प, आणि रेग्युलेटर जिथे सिलिंडरला बसतो तो सांधा. त्या सांध्यात वॉशर लागतो. सिलिंडर बदलताना तो जुन्याच सिलिंडरच्या तोंडात अडकून दुकानात परत जातो, हे फार वेळा घडतं. जादा वॉशर रेग्युलेटरलाच बांधून ठेवा.

रात्री सिलिंडर बंद करून सकाळी छोटा गेज बघायची चाचणीही चांगली आहे, पण बिअर पूर्ण कार्बोनेट झाल्यावरच. आधी केलीत तर बिअर वायू शोषते, काटा उतरतो आणि गळती नसताना तुम्ही सगळं सोडवून बसता.

सुरक्षेचं एकदा नीट वाचा. ५ पौंड म्हणजे सव्वा घनमीटर वायू, तुमच्या उंचीवर जास्तच. तळघरातल्या १० फूट बाय १३ फूट बंद खोलीत सगळा सुटला तर हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर जातं, आणि ४ टक्के ही जिवाला तात्काळ धोक्याची मर्यादा आहे. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. लहान मूल किंवा कुत्रा आधी त्यात सापडतो. त्या खोलीत कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावा. घरात असतो तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म इथे उपयोगाचा नाही.

---

डेन्वरकर

सगळ्यांचे आभार, उंचीचं गणित डोक्यातच आलं नव्हतं. दाब १४ वर नेला आहे, नळी मागवतो. अजून एक दिसलं: केगच्या बाहेर पडताक्षणी, काळ्या डिस्कनेक्टच्या (नळी पोस्टला जोडणाऱ्या टोपणाच्या) वरच, नळीत बारीक बुडबुड्यांची सततची माळ असते. टॉवरपासून लांब आहे, तिथे गरम होण्याचं कारण नाही.

---

बार्लीबुवा

हे महत्त्वाचं सांगितलंत. बाहेरच्या पोस्टखाली लांब डिप ट्यूबच्या (केगच्या तळापर्यंत जाणाऱ्या नळीच्या) मानेला एक छोटी ओ-रिंग (रबरी कडी) असते. ती चिरली किंवा सुकली की वरच्या मोकळ्या जागेतला वायू तिच्या कडेने थेट बिअरच्या वाटेत घुसतो. दाब, तापमान, नळी सगळं अचूक असलं तरी फेस येतच राहतो, आणि लोक भलतीकडेच शोधत बसतात.

गॅस काढा, व्हॉल्व्ह ओढून दाब पूर्ण सोडा. पूर्ण म्हणजे पूर्ण, दाबाखालची पोस्ट उघडली तर गोळीसारखी उडते. ११/१६ चा पाना लावून पोस्ट काढा, ट्यूब उपसा, ओ-रिंग बदला, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पॉपेटही (पोस्टमधला स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह) बघून घ्या. परत बसवताना पोस्टची अदलाबदल होऊ देऊ नका: गॅसच्या पोस्टला तळाशी खाचा असतात आणि तिच्यावर राखाडी डिस्कनेक्ट बसतो, बिअरचा काळा. चुकीचा दाबून बसवला तर निघता निघत नाही.

झाकण परत लावल्यावर ३० पीएसआय द्या म्हणजे ते घट्ट बसेल, मग व्हॉल्व्ह ओढून सोडा. असं पाच वेळा करा. दर वेळी आतली हवा एक तृतीयांशाच्याही खाली येते, पाच वेळांनंतर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ०.१ च्या खाली जातो. हॉप्सचा वास टिकवायचा तर ही पाच मिनिटं वाचवू नका.

हेफेवायझेनबद्दल: तिला ३.५ व्हॉल्यूम म्हणजे तुमच्याकडे २४ पीएसआयच्या आसपास आणि २० फुटांहून जास्त नळी लागेल. पेल एलबरोबर एकाच दाबावर ती बसणार नाही. दुसरा दुय्यम रेग्युलेटर लावा, आणि तोटी फ्लो कंट्रोलवाली (प्रवाह कमी-जास्त करता येणारी) घ्या, म्हणजे नळीचं वेटोळं आटोक्यात राहील. ३ व्हॉल्यूमवर, म्हणजे १९ पीएसआयवर समाधान मानलंत तर काम पुष्कळ सोपं होतं.

हलवून एका दिवसात करू नका. हलवताना किती वायू गेला ते मोजायला काही साधन नसतं, आणि जास्त झालेला काढायला दोन दिवस व्हॉल्व्ह ओढत बसावं लागतं. शिवाय तळाचा गाळ ढवळला जातो. घाई असेल तर बिअर आधी ३८ ला आणा, ३० पीएसआयवर २४ ते ३६ तास न हलवता ठेवा, दाब सोडून ठरलेल्या आकड्यावर आणा आणि आणखी चार-पाच दिवस द्या. घाई नसेल तर पहिल्यापासून ठरलेल्या दाबावर १२ ते १४ दिवस. याच पद्धतीने बिअर सगळ्यात चांगली मुरते, दोन केगांत फरकही पडत नाही.

---

सदाशिवपेठी

छान माहिती. पुण्यात हे करता येईल का? भाग कुठे मिळतील?

---

हॉप्सवेल

बिअर नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करायला करमाफी मिळाली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य करणं गुन्हा आहे. त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

पण हीच यंत्रणा सोड्याला उत्तम चालते. साधा सोडा ३८ फॅरनहाइटला ३० पीएसआयवर ठेवा, पुण्याच्या उंचीसाठी १ जास्त. कोकमाचं किंवा आल्याचं सरबतही तसंच मुरतं, फक्त दोनदा बारीक फडक्यातून गाळून घ्या. गराचा एक धागा पॉपेटमध्ये अडकला की तो बंद होत नाही आणि रात्रीत सगळं सरबत फ्रिजच्या तळाला येतं. साखर घातलेलं सरबत कायम थंड ठेवा, बाहेर राहिलं तर हवेतल्या यीस्टने आंबायला लागतं. आणि आलं किंवा मसाला घातलात तर ती नळी आणि त्या केगच्या सगळ्या ओ-रिंगा त्याच कामाला ठेवा. रबरात शिरलेला वास धुऊन जात नाही.