अभ्यासक्रम बोर्डाचाच असतो

वर कोणीतरी म्हटलंय की गोव्यातल्या चर्चच्या शाळांत निम्मा वेळ बायबलातच जातो. अहो, दहावीचा पेपर गोवा बोर्डाचाच असतो हो! बोर्ड स्थापन झालं 1975 साली, आणि गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं सगळ्या अनुदानित शाळांना तेच. माझी मुलगी म्हापशाजवळच्या अशाच एका हायस्कुलात होती. तिथे ‘दोत्रीन’चा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास फक्त कॅथलिक मुलांना. घंटा झाली की ती पोरं वह्या घेऊन शेजारच्या वर्गात जायची, उरलेल्यांना मूल्यशिक्षण. त्यात बहुतेकदा गृहपाठच उरकला जायचा, ते सोडा. तसंही संविधानाचं कलम 28(3) स्पष्ट आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही.

खरी गंमत भाषांची. माध्यम इंग्रजी, मग हिंदी, आणि तिसऱ्या भाषेला शाळेत सोय असेल त्याप्रमाणे मराठी, कोंकणी, फ्रेंच, पोर्तुगीज वगैरे. आम्ही मराठी घेतली. तिची मैत्रीण कोंकणीला होती. पाठ्यपुस्तक देवनागरीत, आणि घरी आजीचं प्रार्थनेचं पुस्तक रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत! घरात दिवसभर कोंकणी बोलणारी ती पोरगी जोडाक्षरांपाशी अडायची आणि शुद्धलेखन तपासायला आमच्याकडे यायची. बायबलाची चिंता करणाऱ्यांनी शाळेत प्रवेश घेताना आधी मराठीचे शिक्षक आहेत का ते विचारावं.