पाण्याचा घोळ: २८ लिटर, २८ ग्रॅम जिप्सम

बोरिंगवाला_विजयनगर
मंडळी, घरी २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) करायचा बेत आहे. साडेचार किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), मॅशला (माल्ट गरम पाण्यात भिजवायला) १४ लिटर आणि स्पार्जला (मग तोच माल्ट धुऊन उरलेली साखर काढायला) १४ लिटर पाणी. पाणी बोरिंगचं, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ६४०. मत्स्यालयवाल्यांचं थेंबांचं किट वापरून अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मारायची ताकद) काढली. रंग १७व्या थेंबाला बदलला, म्हणजे ३०० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आसपास. इंग्लंडात बर्टनच्या पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) भरपूर असतं आणि तिथली पेल एल नावाजलेली, म्हणून २८ ग्रॅम जिप्सम घालणार आहे. कॅल्शियमने मॅशचा पीएचही खाली येईल असं वाटतं. जिप्सम हार्डवेअरच्या दुकानातलं चालेल का? हसायचं तर हसा, पण आकडे द्या.

दुष्फेन
आधी परवान्याचं बघा भिया, तो मामला बोरिंगच्या पाण्यापेक्षा जड आहे. इथे फक्त पाण्याचं बोलू.

हार्डवेअरच्या दुकानात जिप्सम मागितलंत तर बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिस हातात पडेल. ते पाण्यात घट्ट होतं. बिअर राहील बाजूला, भांड्यात गणपती बसेल. फूड ग्रेड घ्या.

आता हिशेब. २८ लिटरला १ ग्रॅम जिप्सम म्हणजे कॅल्शियम ८.३ आणि सल्फेट २० पीपीएम. २८ ग्रॅमला कॅल्शियम २३३, सल्फेट ५५८. कॅल्शियम किती अल्कलिनिटी खातं? पीपीएमला १.४ ने भागा: १६६. तुमच्याकडे ३०० आहे. म्हणजे अख्खं बर्टन ओतूनही १३४ शिल्लक, मॅशचा पीएच वरच, आणि वर कोरडा, खडूसारखा कडवटपणा. कर्ज काढून सण, आणि सणाला पाहुणाच नाही.

मग अल्कलिनिटी लॅक्टिक ॲसिडने मारू म्हणाल, तर सगळ्या २८ लिटरला ८८ टक्क्यांचं १४ मिलीच्या आसपास लागेल. तेवढं जिभेला कळतं. पेल एल मागवून ताक प्यायचं असेल तर जरूर.

सरळ आरओचं पाणी घ्या. जिप्सम ६ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट साडेतीन ग्रॅम. सल्फेट १२०, क्लोराइड ६०, कॅल्शियम ८४. निम्मं मॅशला, निम्मं स्पार्जला. पूर्ण मात्रा दोन्हीकडे घालणारे लोक असतात, तो विनोद फार जुना झाला. बोरिंगचं पाणी स्टाउटसाठी (काळ्या बिअरसाठी) ठेवा, निम्मं आरओ मिसळून. काळं माल्ट आंबट असतं, त्याला १५० ची अल्कलिनिटी झेपते.

तूरडाळ_पलासिया
माझ्या मते सगळ्यात मराठी चूक म्हणजे खायचा सोडा. बोरिंगच्या पाण्यात तूरडाळ शिजेना की आई चिमूटभर सोडा टाकते आणि डाळ मऊ होते. तेच डोकं मॅशला लावलं की झालं! सोड्याने अल्कलिनिटी आणखी चढते. मॅशचा पीएच हवा ५.२ ते ५.६ मध्ये. स्पार्जचं पाणी अल्कलाइन असेल तर शेवटी शेवटी पीएच ६ च्या वर जातो आणि सालातलं टॅनिन उतरतं. चव कशी? टपरीवर तिसऱ्यांदा उकळलेल्या चहापत्तीची, जीभ आवळणारी.

'उकळून गार करू, क्षार खाली बसतील' हाही बेत अर्धाच चालतो. कॅल्शियमसोबतचं बायकार्बोनेट बसतं, सोडियमसोबतचं ढिम्म हलत नाही. शिवाय बसताना कॅल्शियम घेऊन जातं.

आणि आरओच्या रिजेक्ट नळीचं पाणी 'वाया कशाला घालवायचं' म्हणून मॅशला वापरू नका. आरओने जे काढलं, ते सगळं त्याच बादलीत असतं. फरशी पुसा.

अर्धा_चमचा
चमच्याने मोजणारे हात वर करा. जिप्समचा चहाचा चमचा साधारण ४ ग्रॅम, पण भुसभुशीत की दाबलेला यावर ठरतं. ०.१ ग्रॅमचा खिशातला काटा आणा. कॅल्शियम क्लोराइडच्या पुडीवर अ‍ॅनहायड्रस (म्हणजे पाणी नसलेलं) लिहिलं असेल तर साडेतीनऐवजी २.६ ग्रॅम. पुडी उघडी राहिली की ते हवेतलं पाणी पितं, गोळा होतं, मग काटासुद्धा खोटं बोलतो. पावसाळ्यात तर नुसता चिखल.

नळाचं नर्मदेचं पाणी घेणार असाल, किंवा सोसायटीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर पडत असेल, तर त्यातला क्लोरीन आधी घालवा. नाहीतर माल्टमधल्या फिनॉलशी जुळून दवाखान्यातल्या पट्टीचा वास येतो, आणि दोष बिचाऱ्या यीस्टला. सरबतात घालतात ते केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), २८ लिटरला पाव ग्रॅम, ढवळून पाच मिनिटं. बस.

बोरिंगवाला_विजयनगर
हार्डवेअर रद्द. पण आमच्या आरओचा टीडीएस ९० दाखवतोय, तो शून्य धरू का? आणि पीएच मीटरवर एटीसी (तापमानानुसार आपोआप दुरुस्ती) लिहिलंय, म्हणजे गरम मॅशमध्ये बुडवला तरी चालेल ना?

दुष्फेन
दोन्हीला नाही.

आरओला टीडीएस कंट्रोलर असेल. तो स्क्रू न गाळलेलं पाणी परत मिसळतो, 'चवीसाठी'. म्हणजे पुन्हा तुमचं बोरिंगच, थोडं पातळ करून. स्क्रू बंद करा, दोन-तीन लिटर वाहू द्या, मग थेंबांच्या किटने तपासा. एक-दोन थेंबांत रंग बदलला तर ठीक. टीडीएस मीटर बेरीज सांगतो, कुठला क्षार ते सांगत नाही.

एटीसी मीटरची चूक सुधारतं, मॅशचा पीएच नाही. ६६ अंशाला खरा पीएचच सुमारे ०.३ ने कमी असतो. तिथे ५.४ बघून खूश व्हाल, गार झाल्यावर ५.७ निघेल. वर गरम मॅशने प्रोब लवकर मरतो. दोन चमचे मॅश स्टीलच्या वाटीत, वाटी थंड पाण्यात, २५ अंशाला आलं की मोजा. ४ आणि ७ च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) मीटर आधी कॅलिब्रेट. मॅश सुरू करून १० मिनिटांनी पहिलं माप. ५.६ च्या वर असेल तर लॅक्टिक १ मिली, ढवळा, पुन्हा वाटी.

तूरडाळ_पलासिया
वाटीतलं परत मॅशमध्ये ओतू नका. प्रोबच्या टोकाला साठवणीचं पोटॅशियम क्लोराइड लागलेलं असतं. डाळीतही नको.