लाकडी जहाजाचे ‘मॉडेल’ : प्रतिकृती, नमुना की नुसते गलबत?

प्रश्न

लाकडी जहाजे लहान आकारात बांधण्याचा माझा छंद जुना आहे. आता शाळकरी मुलांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहायला घेतली आहे. पहिले साधे गलबत कसे बांधायचे, लाकूड कोणते घ्यायचे, पट्ट्या कशा वाकवायच्या, दोऱ्या कुठे बांधायच्या, एवढाच विषय. पण पहिल्याच पानावर अडलो. ‘मॉडेल’ला काय म्हणू? ‘स्केल’ला काय? कील, फ्रेम, बल्कहेड, हल, डेक, यार्ड, रिगिंग हे सगळे शब्द आम्ही आपसांत इंग्रजीच वापरतो, कारण किटबरोबर (जुळवायच्या भागांच्या तयार संचाबरोबर) येणारी माहिती इंग्रजीत असते. सातशे किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या महाराष्ट्राच्या भाषेत हे शब्द नसतील असे मन मानत नाही. जाणकारांनी मदत करावी. नवे शब्द घडवून नकोत, कुणीतरी कधीतरी खरोखर वापरलेले हवेत.

प्रतिसाद १

‘प्रतिकृती’ रूढ आहे, तोच ठेवा. वर्तमानपत्रांतही ‘जहाजाची प्रतिकृती’ असेच छापून येते. ‘लघुप्रतिकृती’ म्हणायची गरज नाही, लहान आहे हे मुलांना दिसतेच.

प्रतिसाद २

‘प्रतिकृती’ चांगला शब्द आहे, पण तो सगळीकडे चालत नाही. प्रतिकृती कशाची, तर जे आधी अस्तित्वात आहे त्याची. जहाजांच्या जगात मात्र पुष्कळदा लहान वस्तू आधी येते आणि मोठी नंतर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जहाज बांधणारे सुतार आधी लाकडाचे अर्धे जहाज कोरत. उभे कापलेले, एकच बाजू असलेले. त्यावर हात फिरवून, डोळ्याने उतार पाहून आकार पक्का करायचा आणि मग त्यावरून मापे घेऊन खरे जहाज बांधायचे. अशा वस्तूला प्रतिकृती म्हणणे उलटे होईल. तिला ‘नमुना’ हाच शब्द हवा. ‘नमुन्याबरहुकूम’ म्हणतो तेव्हा नमुना आधीच असतो, वस्तू नंतर होते.

अलीकडचे उदाहरण घ्या. भारतीय नौदलाची ‘कौंडिण्य’ ही शिवलेल्या फळ्यांची नौका गोव्यात बांधली गेली आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. तिचा आधार होता अजिंठ्याच्या लेण्यातले पाचव्या शतकातले चित्र. तशा जहाजाचा एकही आराखडा उपलब्ध नव्हता, म्हणून आकार ठरवल्यावर आयआयटी मद्रासमध्ये लहान आकारात पाण्यात चाचणी घेतली गेली. ते चाचणीचे जहाज म्हणजे नमुना. उद्या तुमच्यापैकी कुणी घरी टेबलावर कौंडिण्य बांधली, तर ती प्रतिकृती.

इंग्लंडच्या नौदलाकडे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशी सुरेख लहान जहाजे बनत. ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात त्यांचा मोठा साठा आहे. पाण्याखालच्या भागाला मुद्दाम फळ्या लावलेल्या नाहीत, आतला सांगाडा उघडा दिसतो. ही जहाजे खऱ्या जहाजाच्या आधी केली की नंतर, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्यामुळे त्यांना काय म्हणावे हा आपला प्रश्न मुळात त्यांचाही आहे! पुस्तिकेत दोन्ही शब्द ठेवा आणि फरक एका वाक्यात सांगा. मुलांना असे फरक आवडतात.

प्रतिसाद ३

‘स्केल’साठी ‘प्रमाण’ हा भूगोलाच्या नकाशातला शब्द मुलांना पाठ आहे. १:४८ म्हणजे ‘एकास अठ्ठेचाळीस’. दुसरे काही शोधू नका.

पण सुतारकामातला माणूस म्हणून एक भर घालतो. आमच्यात इंचाचे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. आता हिशोब करून पाहा. एका सुताला एक फूट धरला तर प्रमाण होते १:९६. दोन सुताला फूट धरला तर १:४८, आणि ग्रीनिचची बहुतेक जहाजे याच प्रमाणात आहेत. दीड सुताला फूट धरला तर १:६४. म्हणजे जगभर या छंदात चालणारी तिन्ही प्रमाणे आपल्या सुतात बिनचूक बसतात. सुताराला ‘सुताला फूट’ सांगा, तो पुढचे काही विचारणार नाही.

१८१७ साली मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. त्याच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट. सुताला फूट या मापाने १५० सूत, म्हणजे पावणेएकोणीस इंच. पुस्तकांच्या फडताळात मावेल. दोन सुताला फूट घेतले तर साडेसदतीस इंच, मग त्याला वेगळे टेबल लागेल. हे गणित मुलांना नुसते १:९६ लिहून कळणार नाही, सुताने लगेच कळेल.

प्रश्नकर्ता

सुताचा हिशोब पुस्तिकेत नक्की घेतो. अडचण एवढीच की हल्लीच्या किटमधल्या पट्ट्या मिलिमीटरमध्ये येतात आणि मुलांच्या पट्टीवरही सेंटिमीटरच ठळक असतात. १:५० आणि १:१०० ही प्रमाणे त्यासाठी सोयीची, कारण १:५० मध्ये मीटरला दोन सेंटिमीटर येतात. दोन्ही देईन.

याच धाग्यात लाकडाचेही विचारून घेतो. ‘मूळ जहाज सागवानी, मग आम्हीही सागच वापरू’ असे मुले म्हणतात. सागाला नको का म्हणायचे, ते थोडक्यात कसे सांगावे?

प्रतिसाद ३ (पुढे)

साग मोठ्या कामाला राजा आहे, लहान कामाला नाही. सागाचे छिद्र नुसत्या डोळ्यांना दिसते. पाव मिलिमीटरचे छिद्र धरा. १:९६ मध्ये ते खऱ्या जहाजावर जवळजवळ इंचभर रुंदीचे भोक झाले. फळीभर अशी भोके असलेल्या जहाजात कोण बसेल? लहान कामाला बारीक, एकसारख्या रेषांचे लाकूड हवे. आपल्याकडे हेदू मिळाला तर सोडू नका. पिवळसर, घट्ट, कापताना कड तुटत नाही. कंगवे आणि दोऱ्याच्या रिळांसाठी तो पूर्वी वापरत. शिवण या झाडाचे लाकूडही हलके आणि कोरायला सोपे. परदेशात याच कारणासाठी पेअर, बॉक्सवुड, लाइमवुड वापरतात. मुलांना सांगायचे तर ‘जहाज लहान झाले, पण लाकडाचे रेषे लहान होत नाहीत’ एवढे एक वाक्य पुरे.

प्रतिसाद ४

मी कोकणातला, घरात पूर्वी मचवे होते. भागांच्या नावांपुरते लिहितो.

कील म्हणजे पठाण. गलबताच्या तळाशी नाळेपासून पिछाडीपर्यंत जाणारे सर्वांत जाड लाकूड. हाच आधी घातला जातो आणि त्यावर बाकी सगळे उभे राहते. जुन्या कोशांतही हा शब्द आहे. मुले ‘पठाण’ ऐकून हसतील. हसू द्या, विसरणार नाहीत.

पुढचे टोक ती नाळ. घोड्याची नाळ वेगळी, बाळाची वेगळी, ही तिसरी.

फ्रेम म्हणजे बरगड्यांसारखी वळणदार लाकडे, त्यांना वाक. हे लाकूड शक्यतो कापून वळवत नाहीत. झाडाची जी फांदी मुळातच तशी वाकलेली असते ती शोधून आणतात, म्हणजे रेषे वळणाबरोबर धावतात आणि वाक तुटत नाही. लहान जहाजात तुम्ही सरळ फळीतून वाक कापता तेव्हा टोकांना रेषे आडवे येतात आणि तिथेच ते मोडतात. पुस्तिकेत हे कारण द्या.

फळ्यांच्या फटींत कापूस ठासून, वर राळ-तेल लावून पाणी अडवण्याच्या कामाला कालापाती. अरबी आणि पोर्तुगीज दोन्ही भाषांत याच्या जवळचे शब्द आहेत, किनाऱ्यावरच्या बऱ्याच शब्दांचे असेच आहे. तुमच्या लहान जहाजाला कालापातीची गरज नाही, पण दोन फळ्यांमधली काळी रेघ दाखवायला लोक फळीच्या कडेवर पेन्सिल फिरवतात, ती रेघ म्हणजे कालापातीच.

मास्ट म्हणजे डोलकाठी, खलाशी नुसते ‘डोल’ म्हणत. मोठ्या जहाजातली मागची डोल ती कलमी. सेल म्हणजे शीड. यार्ड, म्हणजे शीड ज्या आडव्या किंवा तिरक्या काठीला बांधतात, ती परबाण. आपल्या गलबतांचे शीड तिरके आणि परबाण लांबलचक, डोलकाठीपेक्षाही लांब असू शकते. युरोपी जहाजांवर ती बहुतेक आडवी. हा फरक चित्रातच दाखवा. सुकाणू, वल्हे, नांगर सगळ्यांना माहीत आहेत. यातला जहाजाचा नांगर फारसीतल्या ‘लंगर’वरून आला आणि शेतातल्या नांगराच्या रूपात मिसळून गेला.

डेकला खलाशांच्या बोलीत तूतक. हीच बोली मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत जहाजांवर चालायची. तिच्यात उजवी बाजू ‘जमना’, डावी ‘दावा’. गुजराती माणसाला ‘जमणा’ हात लगेच कळेल.

प्रतिसाद ५

वरची यादी वाचून आनंद झाला, पण एक शंका आहे. पठाण, वाक, परबाण हे शब्द आज किती जणांच्या तोंडी आहेत? मुलगा दुकानात किंवा इंटरनेटवर ‘कील’ शोधणार आहे. त्याला फक्त ‘पठाण’ शिकवला तर त्याला काही सापडणार नाही. ‘डेक’ तर मराठी झालाच आहे. ‘तूतक’ पुन्हा आणण्याचा आग्रह कशाला?

प्रतिसाद ४ (पुढे)

तुमचे म्हणणे रास्त आहे. डेक ठेवा, माझी हरकत नाही. पण पठाण आणि वाक सोडू नका. ‘कील’ आणि ‘फ्रेम’ या शब्दांना मराठी मुलाच्या कानात काही अर्थ नाही. ‘वाक’ म्हटले की आकार डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि हे मेलेले शब्द नाहीत. लाकडी होड्यांची कामे जिथे अजून चालतात तिथे ते बोलले जातात. फायबरच्या होड्या आल्यापासून ती कामे कमी झाली, शब्दही त्यांच्याबरोबर जायला लागले आहेत. दोन पिढ्यांनी शहरातल्या मुलाने टेबलावर गलबत बांधताना ‘वाक’ म्हटले, तर तो शब्द टिकायला आणखी एक जागा मिळाली.

तुकारामांच्या अभंगात तारू, बंदर, शीड एकत्र येतात. देहू समुद्रापासून किती दूर! तरी ऐकणाऱ्यांना हे शब्द कळत होते.

प्रतिसाद ६

क्रियापदाकडे कुणी लक्ष दिले नाही. जहाज ‘बनवत’ नाहीत, बांधतात. घर, पूल, धरण, विहीर, जहाज, सगळे बांधायचे. खेळणे बनवायचे, भेळ बनवायची. तुमच्या पुस्तिकेत ‘जहाजाचे मॉडेल बनवा’ असे एकदाही येऊ नये. ‘गलबत बांधू या’ असे म्हणा. लहान असले म्हणून क्रियापद बदलत नाही. त्यात पठाण आहे, वाक आहेत, फळ्या एकामागून एक चढतात, काम तेच आहे. ज्यांनी कौंडिण्यच्या फळ्या नारळाच्या काथ्याने शिवल्या, त्यांच्या बाबतीत तर ‘बांधणे’ अक्षरशः खरे आहे.

जहाज, गलबत, तारू, मचवा, गुराब यांतही एकच शब्द सरसकट वापरू नका. गुराब आणि गलबत ही आंग्र्यांच्या आरमारातली वेगवेगळी जहाजे. गुराब मोठे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे. गलबत त्याहून लहान, शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणारे, म्हणून वारा पडला तरी पुढे जाणारे. मूळ अरबी ‘गुराब’चा एक अर्थ कावळा. ‘मराठा आरमारातले जहाज’ असे मोघम लिहून कुठलेही चित्र देऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. मी असे ठरवले आहे : शीर्षकात ‘गलबत बांधू या’, आत गरजेप्रमाणे प्रतिकृती आणि नमुना. प्रमाणासाठी सूत आणि सेंटिमीटर दोन्ही. पठाण, वाक, नाळ, परबाण मुख्य मजकुरात आणि शेवटी इंग्रजी नावांचा तक्ता, म्हणजे शोधताना अडचण नको. डेक तसाच. रिगिंगला ‘दोरकाम’ लिहितो, ‘हल’ला नुसते ‘धड’.

एक शब्द राहिला. किटमध्ये पठाणाच्या खाचांत उभ्या बसवायच्या सपाट तुकड्यांना बल्कहेड म्हणतात. ते वाक नव्हेत, कारण मधून भरीव असतात.

प्रतिसाद ३

पडदी म्हणा. घरात दोन खोल्यांमधली पातळ भिंत ती पडदी, गवंडी रोज म्हणतात. जहाजातही तिचे काम तेच.

प्रश्नकर्ता

पडदी पक्की. एक परिच्छेद नव्या शब्दांत लिहून पाहिला, कुठे अडखळते ते सांगा :

“पठाण काचेवर उभा ठेवून सरळ आहे ना पाहा. पडद्या खाचांत बसवा, प्रत्येक पडदी पठाणाशी काटकोनात आहे ना ते गुण्याने तपासा आणि मगच फेव्हिकॉल लावा. पहिली फळी डेकच्या कडेला लागून येईल. ती पाण्यात भिजवा, मऊ झाली की नाळेच्या वळणावर हलके वाकवून टाचण्यांनी धरा. नाळेकडे जागा कमी होत जाते, म्हणून फळी निमुळती करावी लागते. पण पाच मिलिमीटरची फळी अडीचपेक्षा अरुंद करू नका, टोक मोडेल. एक फळी डाव्या बाजूला, मग एक उजव्या बाजूला, असेच चालू ठेवा. एकच बाजू आधी पूर्ण केली तर सुकताना फळ्या पठाणाला ओढतात आणि गलबत जन्मभर वाकडे राहते.”

प्रतिसाद ५

कुठेही अडखळले नाही. फक्त ‘गुण्या’पुढे ‘कंपासपेटीतला’ एवढा शब्द घाला. सुताराचा गुण्या आणायला मुले दुकानात जातील, आणि तो तर त्यांच्या दप्तरातच आहे.