ऑईल घरी बदलता, मग इंजिन का नको?

दहाबाराचा पाना: स्कूटरचं ऑईल, प्लग, एअर फिल्टर यासाठी मी गॅरेजची पायरी चढत नाही. मागच्या महिन्यात व्हेरिएटरमध्ये (गिअरचं काम करणाऱ्या बेल्टच्या पुढच्या पुलीत) हलके रोलरही घातले, पिकअप झकास झालाय. आता बोअर किट, म्हणजे मोठ्या व्यासाचा सिलिंडर नि पिस्टन, बसवायचा विचार आहे. ज्याला पुस्तिका वाचता येते नि पाना धरता येतो, त्याने सगळं घरीच करावं. पटतंय का?

शंकेखोर: ऑईलपर्यंत पटलं, पुढचं नाही. हलक्या रोलरने ताकद वाढत नाही हो. ते उशिरा बाहेर सरकतात, म्हणून इंजिन जास्त आरपीएमवर राहतं, इतकंच. आणि बोअर ५० मिमीचा ५४ केलात तर सिलिंडरची क्षमता साधारण १७ टक्क्यांनी वाढते. तेवढ्या हवेला पेट्रोलही तेवढंच हवं. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, राहिलं की पिस्टन तापून जाम झालाच म्हणून समजा. ब्रेक मात्र जुनेच!

दहाबाराचा पाना: आरपीएमचं मान्य. पण चढावर मला तेच हवं होतं ना!

गॅरेजपीडित: पाना यांना +१. माझ्या प्लगचे आटे एका गॅरेजवाल्यानेच घालवले. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग आधी हाताने फिरवत न्यायचा असतो, याने थेट पान्यानेच पिळला. मागच्या गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असतं हेही मला स्वतः उघडल्यावरच कळलं, तोवर कुणी बदललंच नव्हतं.

काळे हात: मीही घरीच करतो, तरी जपून. पहिल्यांदा बेल्ट बदलला तेव्हा तो मागच्या पुलीत खोल दाबून घेतला नाही. त्यामुळे पुढे ढिला पडला नाही, व्हेरिएटरच्या दोन चकत्यांमध्ये चिमटला गेला. मी व्हेरिएटरचा नट आवळला, घट्टही लागला. खरं तर तो बेल्टवर आवळला गेला होता, मधल्या बुशवर (नळीवर) नाही. गाडी चालल्यावर बेल्ट सरकला, नट सुटला आणि क्रँकशाफ्टच्या खाचा खाऊन गेला. बेल्ट बदलायला बसलो होतो, क्रँक बदलावा लागला. रोलर घालतानाही हेच सगळं उघडतं बरं का.

शंकेखोर: पाना, तुमच्याकडे टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळणारा) आहे?

दहाबाराचा पाना: मनगट आहे.

गॅरेजपीडित: अहो, माझी बाजू कशाला बुडवताय!

दहाबाराचा पाना: बेल्ट मागे दाबला होता की नाही, खरंच आठवत नाहीये. काळे हात, कव्हर न काढता नट तपासता येतो का?

काळे हात: नाही. आणि तोवर गाडी चालवू नका.