सेफ इंटरप्रिटरमध्ये टीके लोड करावं का?

खिडकीबहाद्दर
आमच्या टूलमध्ये बाहेरच्यांनी लिहिलेले प्लगिन चालवायचे आहेत. ते टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेच्या सेफ इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे धोकादायक कमांड काढून घेतलेल्या बंदिस्त जागेत चालवायचे, यावर वाद नाही. ओपन, एक्झेक, सॉकेट या कमांड तिथे लपवलेल्याच असतात. पण आता टीममधले काही म्हणतात, ‘सेफ::लोडटीके’ मारा, म्हणजे खिडक्या-बटणं काढणारी टीके लायब्ररी तिथे लोड करा, आणि प्लगिनना आपापली बटणं काढू द्या. माझा साफ विरोध आहे. पडदा हातात आला की स्क्रिप्टला फाइल लागतेच कशाला? एन्ट्री विजेट (टाइप करायचा रकाना) घ्यायचं, ‘-शो’ला चांदणी द्यायची म्हणजे अक्षरांऐवजी चांदण्या दिसतात, वर लेबल चिकटवायचं: ‘सेशन संपलं, पासवर्ड पुन्हा टाका’. चार ओळींचं काम.

अर्धविराम
आणि तो पासवर्ड घेऊन ती जाणार कुठे? सॉकेट नाही, फाइल नाही. शिवाय टीके आत येतं तेच हातपाय बांधून. ग्रॅब नाही, म्हणजे सगळा कीबोर्ड अडवून धरता येत नाही. सेंड नाही, म्हणजे शेजारच्या टीके प्रोग्रामला हुकूम सोडता येत नाही. सिलेक्शन, क्लिपबोर्ड, डब्ल्यूएम (खिडक्यांचं शीर्षक-आकार बदलणारी), टॉपलेव्हल (नवी खिडकी उघडणारी), मेनू, सगळं लपवलेलं, बेलसुद्धा! फोटो इमेजला ‘-फाइल’ दिलं तर सरळ एरर येते, चित्र ‘-डेटा’तूनच द्यावं लागतं. आणि लोडटीके स्वतः जी विंडो उघडतं तिच्यावर ‘अनट्रस्टेड टीसीएल ॲपलेट’ अशी पाटी असते, सोबत ते इंटरप्रिटर उडवायचं बटण. लिहिणाऱ्यांनी विचार केलाय हो.

खिडकीबहाद्दर
केलाय, पण ती पाटी ‘-यूज’ दिलं, म्हणजे प्लगिनला आपल्याच आधीच्या खिडकीत बसवलं, की गायब. आणि सगळ्यांना प्लगिन हवाय तो आपल्याच फ्रेममध्ये, आपल्याच रंगसंगतीत. म्हणजे खोटी चौकट खऱ्या घरात. राहिला बाहेर जायचा रस्ता, तर तो आपणच बांधून देतो. प्लगिनला सेटिंग जपायला एखादा एलियस (मुख्य इंटरप्रिटरकडून काम करून घेणारी कमांड) द्यावाच लागतो, सर्व्हरवरून माहिती आणायला दुसरा. पासवर्ड त्यातूनच निघून जाईल. शिवाय खिडक्यांची माहिती देणारी विनफो कमांड लपवलेली नाही. ‘विनफो पॉइंटरएक्सवाय’ विचारत बसा, माउस पडद्यावर कुठे फिरतोय ते कळत राहतं.

शून्यशेष
दोघंही भलत्याच भीतीवर भांडताय. सेफ इंटरप्रिटर आपल्याच प्रोसेसमध्ये, आपल्याच थ्रेडमध्ये चालतो. प्लगिनच्या बटणामागे ‘व्हाइल 1 {}’ असा कधीच न संपणारा लूप असला की आपली मुख्य विंडो जागेवर गोठली. टीसीएल 8.5 पासून (2007) ‘इंटर्प लिमिट’ने वेळेला आणि कमांडच्या संख्येला लगाम घालता येतो. मेमरीला नाही. एखादी लिस्ट फुगवत नेली तर सगळा प्रोग्रामच झोपतो, आणि त्यात वापरणाऱ्याचं सेव्ह न केलेलं कामही जातं. वेगळी प्रोसेस काढा, तिची विंडो ‘-यूज’ने आपल्या कंटेनर फ्रेममध्ये बसवा.

अर्धविराम
एक्स11 वर (युनिक्स-लिनक्सवर खिडक्या दाखवणारी व्यवस्था) वेगळी प्रोसेस काय दिवे लावणार? एकाच डिस्प्लेला जोडलेला एक प्रोग्राम दुसऱ्यात दाबलेल्या कीबोर्डच्या कळा ऐकू शकतो, ही त्याची जुनी खोड आहे.

शून्यशेष
म्हणून तर वेगळ्या प्रोसेसमध्येही इंटरप्रिटर सेफच ठेवायचा. मी ‘ऐवजी’ म्हटलं नव्हतं.

खिडकीबहाद्दर
माझा पर्याय: प्लगिनला टीके द्यायचंच नाही. त्याने एलियसमधून फक्त सांगायचं, ‘एक आकड्याचा रकाना हवा, लेबल अमुक’. विजेट काढेल मुख्य इंटरप्रिटर. चांदण्यांचा रकाना हवा असं सांगायची सोयच ठेवायची नाही.

अर्धविराम
फॉर्मपुरतं ठीक. आलेख काढणाऱ्या प्लगिनचं काय? त्याला कॅनव्हास (चित्र काढायचं विजेट) हवा, त्यावर बाइंड (माउस-कीबोर्डला प्रतिसाद) हवेत, बिंदू ओढता यायला हवेत. प्रत्येक गोष्टीला एलियस लिहीत बसलात की वर्षभरात अर्धं टीके पुन्हा लिहून होईल, आणि त्यातली भोकं शोधायला तुमच्याशिवाय कोणी नसेल. लोडटीकेतली भोकं निदान 1990च्या दशकापासून लोक शोधताहेत.

खिडकीबहाद्दर
बरं, कॅनव्हासवाल्यांना लोडटीके देऊ. पण ‘-यूज’ नाही. वेगळी विंडो, पाटीसकट.

अर्धविराम
चालेल. पण राइट-क्लिक मेनू नाही म्हणून प्लगिनवाले बोंब मारतील, आणि विंडो कुरूप दिसते म्हणून डिझाइनवाले. त्यांना उत्तर तुम्ही द्यायचं.