मदत हवी आहे : टर्बाइन-जनरेटर इंटरनेटला जोडल्यास हॅकर प्रत्यक्ष मोडतोड करू शकतात का?

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर यांचे नियंत्रण पीएलसी (यंत्रांना आदेश देणारा औद्योगिक संगणक) व स्काडावर (नियंत्रण कक्षातून देखरेख करण्याची संगणक प्रणाली) चालते. बिघाड झाल्यास परगावच्या अभियंत्याला तिथूनच सेटिंग बदलता यावे, यासाठी गळीत हंगामापूर्वी ही यंत्रणा इंटरनेटला जोडण्याचा पुरवठादाराचा प्रस्ताव आहे. बैठकीत मी शंका काढली, तेव्हा हॅकर फार तर संगणक बंद पाडतील, लोखंडाला काय करणार, असे उत्तर मिळाले. मला ते पटलेले नाही.

२०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक प्रोग्रॅमने इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा (वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचा) वेग बदलून त्यांची नासधूस केली आणि त्या काळात नियंत्रण कक्षातील पडद्यावर मात्र सारे सुरळीत दिसत होते, हे बहुतेकांना ठाऊक असेल. आमच्या कामाशी अधिक जवळचा वाटतो तो अमेरिकेतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००७ मध्ये केलेला ‘ऑरोरा’ प्रयोग. त्यात सव्वादोन मेगावॉटच्या डिझेल जनरेटरचा ब्रेकर (ग्रिडशी जोडणारा स्विच) उघडून, जनरेटर आणि ग्रिड यांचा फेज, म्हणजे विजेच्या लहरींची लय, जुळत नसताना जनरेटर पुन्हा ग्रिडला जोडण्यात आला आणि असे काही वेळा केल्यावर यंत्राचे तुकडे उडून त्यातून धूर निघू लागला. आमचा जनरेटरही ग्रिडशी सिंक्रोनाइझ होऊनच, म्हणजे लय जुळवूनच, चालतो, त्यामुळे हा प्रयोग वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

बॉयलरला स्प्रिंगचे सेफ्टी व्हॉल्व्ह आहेत आणि ते कोणत्याही संगणकाचे ऐकत नाहीत. परंतु ते केवळ वाढत्या दाबापासून वाचवतात. बॉयलरच्या ड्रममधील (पाणी व वाफेच्या टाकीतील) पाणी घटूनही भट्टी चालू राहिली तर नळ्या तापून फुटतील, आणि ते रोखणारे इंटरलॉक (धोका दिसताच भट्टी आपोआप थांबवणारी व्यवस्था) आमच्याकडे त्याच पीएलसीतून जाते. माझ्या मते खरी कमजोर जागा हीच आहे.

तेव्हा विचारायचे असे की, ड्रममधील पाण्याची पातळी खालावल्यावर होणारी ट्रिप (भट्टी आपोआप बंद होणे) पीएलसीला वगळून थेट तारांनी जोडलेल्या स्वतंत्र रिलेवर कोणी घेतली आहे का, आणि बॉयलर निरीक्षकांनी त्यावर काही हरकत घेतली का? सिंक-चेक रिलेची (फेज जुळल्याशिवाय जनरेटर ग्रिडला जोडू न देणाऱ्या उपकरणाची) सेटिंग समोर उभे राहूनच बदलता येतील, अशी व्यवस्था करता येते का? सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात २०१७ मध्ये हल्लेखोर थेट सुरक्षा नियंत्रकापर्यंत (धोका दिसताच प्रकल्प थांबवणाऱ्या संगणकापर्यंत) पोहोचले आणि त्या नियंत्रकाची चावी ‘प्रोग्रॅम’ स्थितीतच, म्हणजे आतला प्रोग्रॅम बदलता येईल अशा स्थितीत, राहिलेली होती, असे वाचले आहे. आमच्याकडेही सोयीसाठी चावी तशीच ठेवली जाते, ती ‘रन’वर ठेवल्याने कितपत संरक्षण मिळेल? तसेच पुरवठादाराला माहिती बाहेर पाठवता यावी, पण बाहेरून एकही आदेश आत येऊ नये, अशी एकदिशा जोडणी एवढ्या आकाराच्या प्रकल्पाला परवडते का?

प्रत्यक्ष प्रकल्पावर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. संचालक मंडळापुढे मुद्दे लेखी मांडायचे आहेत.